पुढच्या तळटीपांचा माग: मानव्यविद्येतल्या सायटेशन इंडेक्सशी माझी ओळख

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी चित्रकलेच्या इतिहासावरचा एक जुना ग्रंथ वेब ऑफ सायन्सवर, म्हणजे कुठल्या लेखाने कोणाला उद्धृत केलं हे नोंदवणाऱ्या ऑनलाइन डेटाबेसवर, शोधला. निकाल शून्य. ‘या ग्रंथाची कोणी दखलच घेतलेली नाही,’ असं मी प्रस्तावाच्या मसुद्यात लिहूनही टाकलं. माझ्या गाइड मॅडमनी त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारलं, “शोधलंस कुठल्या खिडकीत?”

चूक तिथेच होती. साध्या शोधात डेटाबेसने स्वतः नोंदवलेलं साहित्य मिळतं, आणि ते मुख्यतः नियतकालिकांतले लेख असतात. जुना ग्रंथ तिथे सहसा नसतोच. पण त्या लेखांच्या तळटीपांत आणि संदर्भसूचींत तो असू शकतो. त्यासाठी ‘साइटेड रेफरन्स सर्च’ हा वेगळा पर्याय आहे. तिथे शोधल्यावर माझा ग्रंथ सापडला, पण एका जागी नाही. कुठे लेखकाचं एकच आद्याक्षर, कुठे दोन. कुठे मूळ शीर्षक, कुठे अनुवादाचं. आणि प्रत्येक आवृत्तीचं साल निराळं. एकाच पुस्तकाच्या कितीतरी वेगवेगळ्या नोंदी! म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते: आडनाव आणि एकच आद्याक्षर टाका, पुढे तारांकन (*) द्या, सालाची जागा मोकळी ठेवा. मग यादी नजरेखालून घालून आपल्या ग्रंथाच्या सगळ्या नोंदींवर खुणा करा. काम वेळखाऊ आहे, पण मानव्यविद्येत याला पर्याय नाही, कारण आपले आधार बहुतेक वेळा पुस्तकं असतात, आणि तीही जुनी.

या साधनाची मूळ कल्पना मला फार आवडते. एखादा न्यायनिवाडा पुढे कुठल्या निवाड्यांत उद्धृत झाला, हे दाखवणारी सूची अमेरिकेतल्या वकिलांकडे 1873पासून होती. तीच युक्ती विज्ञानासाठी वापरावी, असं यूजीन गारफिल्ड यांनी 1955मध्ये मांडलं. त्यांच्या संस्थेने 1960च्या दशकात विज्ञानाची सूची काढली, 1973मध्ये सामाजिक शास्त्रांची आणि 1978मध्ये कला-मानव्यविद्येची, म्हणजे आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज सायटेशन इंडेक्स. वेब ऑफ सायन्समध्ये आपण शोधतो त्या याच सूच्या. संदर्भसूची वाचून आपण मागे जातो. इथे आपल्याला पुढे जाता येतं.

कलाशाखेसाठी त्यांनी एक खास सोय केली होती. आपल्याकडचे लेखक एखाद्या चित्रावर किंवा संगीतरचनेवर चार पानं लिहितात, पण त्या कृतीसाठी तळटीप देत नाहीत. अशा कृतींचे उल्लेखही संदर्भ म्हणून नोंदवले गेले. त्यामुळे चित्रकाराच्या नावानेही इथे शोध घेता येतो. कलेच्या अभ्यासकाचं वाचन कसं चालतं, हे जाणणाऱ्या माणसाचंच हे काम, असं मला मनापासून वाटतं.

आकड्यांबद्दल थोडक्यात. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाच्या लेखांना सरासरी किती उद्धरणं मिळतात याचा आकडा, मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उद्धरणांवर बेततात. आपल्या विषयात लेख वाचला जाऊन त्यावर कोणी लिहीपर्यंतच तेवढा काळ सहज जातो. फक्त आर्ट्स अँड ह्युमॅनिटीज सायटेशन इंडेक्समध्येच असलेल्या नियतकालिकांना 2023पर्यंत हा आकडा दिलाच जात नव्हता. आता देतात, तरी लेख कुठे पाठवायचा हे त्यावरून ठरवू नका. त्या नियतकालिकाचे गेल्या दोन-तीन वर्षांचे अंक वाचा. तुमच्या प्रश्नावर तिथे खरोखर चर्चा चालू आहे का, ते पाहा.

एक ठेच मात्र मी खाल्ली आहे. ‘वेब ऑफ सायन्समध्ये समाविष्ट’ असं ठळकपणे लिहिणाऱ्या एका नियतकालिकाकडे मी लेख पाठवला आणि कित्येक महिने वाट पाहिली. नंतर कळलं की ते कुठल्याच सूचीत नाही. तेव्हापासून पाठवण्याआधी मी वेब ऑफ सायन्सच्या मास्टर जर्नल लिस्टमध्ये आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) टाकून बघते. ही यादी फुकट आहे. नियतकालिक नेमकं कुठल्या सूचीत आहे, तेही तिथेच वाचा. 2015मध्ये सुरू झालेली इमर्जिंग सोर्सेस सायटेशन इंडेक्स ही आर्ट्स अँड ह्युमॅनिटीजच्या सूचीहून वेगळी सूची आहे, आणि बोलताना लोक दोन्हींची सरमिसळ करतात. शिवाय खऱ्या नियतकालिकाचं नाव आणि क्रमांक चोरून उभारलेल्या बनावट साइट्सही असतात, तेव्हा प्रकाशकाचा पत्ता जुळतो का हे पाहायला विसरू नका.

इंग्रजीबाहेर लिहिणाऱ्यांची अडचण मोठी आहे. आर्ट्स अँड ह्युमॅनिटीजच्या सूचीत यायचं तर लेखाचं शीर्षक इंग्रजीत आणि संदर्भ रोमन लिपीत असावे लागतात. त्यामुळे देशी भाषांतली कितीतरी भक्कम नियतकालिकं बाहेरच राहतात. म्हणून इथे शून्य दिसलं तरी मी ग्रंथालयाची कपाटं, गूगल स्कॉलर आणि त्या भाषेतले जाणकार यांच्याकडे गेल्याशिवाय ‘दखल नाही’ असं लिहीत नाही.

माझ्या त्या ग्रंथाला उद्धृत करणारे लेख मी एकेक करून वाचले. त्यातला एक नृत्यावरचा होता. ग्रंथातल्या हस्तमुद्रांच्या वर्णनाला लेखिकेने सविस्तर आव्हान दिलं होतं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण मी त्या आव्हानापासूनच सुरू केलं.