वाट पाहताना विश्वास कसा सांभाळावा: डायलिसिसच्या खुर्चीशेजारून

गेल्या महिन्यात आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला सभेत मला साक्ष द्यायला सांगितलं. मी नाही म्हटलं. साक्ष म्हटली की तिला शेवट लागतो: आजार होता, प्रार्थना केली, उठून बसले, हालेलूया. आमच्या गोष्टीला अजून शेवट आलेला नाही. यांचं डायलिसिस ऑगस्ट २०१९मध्ये सुरू झालं ते चालूच आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. किडनीसाठी पुण्याच्या प्रतीक्षा यादीत नाव आहे. तेव्हा सेक्रेटरीबाईंना म्हटलं, साक्ष राहू द्या, हे दिवस कसे काढायचे ते लिहून देते. तुमची वाट पाहणी नोकरीची असेल, कोर्टाच्या तारखांची असेल किंवा पाळणा हलण्याची असेल. यातलं लागू पडेल तेवढं घ्या.

सगळ्यात आधी, देवाशी खोटं बोलणं बंद करा.

पहिले तीन महिने मी रोज ‘तुझी इच्छा पूर्ण होवो’ म्हणत होते आणि दात आवळलेले असायचे. मला त्याची इच्छा नको होती, किडनी हवी होती. हॉस्पिटलच्या जिन्यात बसून एकदा बायबलमधलं तेरावं स्तोत्र उघडलं. दावीद पहिल्या दोन वचनांत चार वेळा विचारतो, किती वेळ? देवा, मला कायमचा विसरलास का? हे शास्त्रात आहे, म्हणजे हे बोलायला परवानगी आहे. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपसुद्धा नाही. मी चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. बाईंकडे धावत येऊन तक्रार करणाऱ्या पोराची मला कधी काळजी वाटली नाही. जे पोर मार खाऊन गप्प बाकावर बसायचं, त्याची वाटायची.

करायचं असं. तेराव्या स्तोत्राची पहिली दोन वचनं मोठ्याने वाचा, मग थांबा आणि तुमचा ‘किती वेळ’ तुमच्या शब्दांत म्हणा. मोठ्याने, मनातल्या मनात नाही. मी गच्चीवर कपडे काढायला जाते तेव्हा म्हणते. शेजारच्या वहिनींना वाटतं मी फोनवर कुणाशी भांडते आहे, तर वाटू दे. पाचव्या वचनात दाविदाचा सूर बदलतो, तो भरवशाचं बोलायला लागतो. तुमचाही त्याच दिवशी बदलला पाहिजे, असं कुठे लिहिलेलं नाही. मला पाचव्या वचनापर्यंत मनापासून पोचायला पहिल्या खेपेस आठ महिने लागले होते.

आता रोजच्या कामाचं. ‘देवावर सोडलं’ असं म्हणणारी माणसं पुष्कळदा देवाचं काम आपल्याकडे घेतात आणि आपलं त्याच्याकडे ढकलतात. मी त्याची वाटणी करून टाकली. फोन कधी येणार, किडनी कुणाची, जुळणार की नाही, हे सगळं त्याच्याकडे. माझ्याकडे पाण्याची बाटली. यांना दिवसाला ८०० मिली ठरवून दिलंय. त्यात चहा आला, आमटीचं पाणी आलं, गोळीबरोबरचा घोटही आला. सकाळी मोजून बाटली भरायची आणि दुसरं काही प्यायले की तेवढं बाटलीतून ओतून टाकायचं. बटाटा बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, म्हणजे पोटॅशियम कमी होतं. शहाळं, केळं बंद. दोन डायलिसिसच्या मधे वजन दोन किलोहून जास्त वाढू द्यायचं नाही.

यांच्या डाव्या हातावर फिस्टुला आहे. शीर आणि धमनी जोडलेली ती जागा, तिथूनच सुया टोचतात. रोज सकाळी तिथे बोटं ठेवून बघायचं असतं, मांजर घुरघुरल्यासारखी थरथर लागली पाहिजे. नाही लागली तर लगेच दवाखाना. मी बोटं ठेवते तेव्हाच सकाळची प्रार्थना करते. वेगळा वेळ काढायला गेले तेव्हा कधी जमलं नाही. हे मात्र चुकत नाही, कारण चुकवून चालतच नाही. तुमच्या दिवसातलं असं एखादं न चुकणारं काम शोधा आणि प्रार्थना त्याला बांधून टाका.

याच ओघात एक सांगून ठेवते. एक पाहुणे उपदेशक घरी आले होते. म्हणाले, विश्वास असेल तर मशीन सोडा. मी चहा दिला आणि दार दाखवलं. डायलिसिस चुकलं, पोटॅशियम वाढलं, की चालताबोलता माणसाचं हृदय थांबतं. ज्याला हा विश्वास वाटतो त्याने आधी स्वतःची इन्सुलिनची सुई सोडून दाखवावी. मशीनसुद्धा प्रार्थनेचं उत्तर आहे, फक्त त्याला बिल येतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरबद्दल

ख्रिस्ती घरांत वचनाचं कॅलेंडर असतंच. यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन कुठल्या ना कुठल्या पानावर हमखास सापडतं, ते देवाच्या मनातल्या कल्याणाच्या संकल्पांचं, आशेच्या भविष्याचं. आम्हाला ते वर्षभरात निदान चाळीस जणांनी फॉरवर्ड केलं असेल. तुम्हालाही करतील. मिळालं की रागावू नका, पण अध्याय उघडून त्याच्या आधीचं वचन वाचा. दहाव्यात लिहिलंय, सत्तर वर्षं. हे पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना होतं, आणि ते ऐकणारी बहुतेक मोठी माणसं परतीचा दिवस बघायला जिवंत राहणार नव्हती. मग त्यांना करायला काय सांगितलं? घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या शहरात आहात त्या शहरासाठी प्रार्थना करा.

मला हा अध्याय त्या एका वचनापेक्षा जास्त उपयोगी पडला. आम्ही सगळंच ‘किडनी मिळाल्यावर’वर टाकलं होतं. घराचा रंग, धाकट्याचं लग्न, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशनसुद्धा. तो अध्याय नीट वाचला त्या आठवड्यात रंगाऱ्याला बोलावलं. धाकट्याचं लग्न डायलिसिसच्या सुटीचा वार बघून केलं. मागच्या अंगणात शेवगा लावला. शेवग्यात पोटॅशियम भरपूर, यांना एक शेंग चालत नाही, हे लावून झाल्यावर लक्षात आलं. आता शेंगा गल्लीभर वाटते.

पहिलं वर्ष आम्हाला दौंडात डायलिसिसची जागा नव्हती, म्हणून पुण्याला जायचो, आठवड्यातून तीन दिवस पॅसेंजरने. पाटस, कडेठाण, केडगाव. केडगाव आलं की मी खिडकीबाहेर बघायची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. लहानपणापासून त्यांच्याबद्दल ऐकत आले ते पराक्रमाचं: दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका आणून सांभाळल्या, छापखाना घातला. त्या गाडीत मला वेगळंच आठवायचं. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायला त्यांनी पंधराहून अधिक वर्षं घालवली. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम करत राहिल्या आणि एप्रिल १९२२मध्ये स्वतः गेल्या. बांधलेलं पूर्ण पुस्तक त्यांनी हातात घेतलं नाही. मी तेव्हा काही महिन्यांच्याच वाट पाहण्याने कावले होते. गाडी केडगावला दोन मिनिटं थांबायची, तेवढा वेळ मी गप्प बसायची.

मार्च २०२०मध्ये गाड्याच बंद झाल्या. पास काढून, भाड्याच्या गाडीने, पोलिसांना हातावरची पट्टी दाखवत आम्ही जात होतो. त्यावर फार लिहीत नाही. त्या काळात मी कसलाही विश्वास सांभाळला नाही, फक्त गाडीचं भाडं सांभाळलं. असेही महिने येतात.

लोकांकडून काय मागायचं

बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच त्यांनी चांगलं केलं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. तुमच्याकडेही तोंड उघडणारे येतील. ‘काही पाप राहिलं असेल का बघा,’ असं म्हटलं की मी योहानाचा नववा अध्याय काढते. जन्मांधाबद्दल शिष्यांनी नेमकं हेच विचारलं होतं, आणि प्रभूने सांगितलं, ना याने पाप केलं ना याच्या आईबापांनी. एवढं वाचून मी पुस्तक मिटते.

‘आमच्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणून थांबू नका. करतो म्हणतात आणि विसरतात, मीही विसरते. नेमकं काम मागा. गुरुवारी दोन ते तीन यांच्याजवळ बसाल का, मला बँकेत जायचंय. बिनमिठाचा डबा एक दिवस द्याल का. गेथशेमाने बागेत प्रभूनेही मित्रांकडे जागं राहण्याची एक घटकाच मागितली होती. ते झोपले, ही गोष्ट वेगळी. आमचे मात्र चार जण आलटूनपालटून अजून येतात.

पाळकसाहेब प्रभुभोजन घरी घेऊन येतात. पहिल्यांदा आणलं तेव्हा यांनी प्याला हातात घेतला आणि विचारलं, ‘किती मिली आहे?’ पाळकसाहेब गोंधळले. मी सांगितलं, पंधरा धरा. बाटलीतून पंधरा मिली ओतून टाकलं आणि मग प्रार्थना झाली.

रात्रीच्या वेळी काही ठरवू नका. रात्री दोनला देव नाहीच असं वाटतं, आणि त्या वेळी ते पटतंही. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला काही समजावलं नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खायला उठवलं. प्रश्नोत्तरं पुढे डोंगरावर झाली. मीही दोनचा विचार सकाळच्या चहापर्यंत राखून ठेवते. चहानंतरही तो तसाच उरला तर पाळकसाहेबांना फोन करते. आजवर दोनदा उरलाय.

फोन आला ती रात्र

यांचा रक्तगट ओ. ओ गटाची किडनी इतर गटांना चालू शकते, पण ओ गटाच्या माणसाला ओचीच लागते, म्हणून ही रांग लांब. माझा गट ए आणि वर साखर. मुलांचा ए. म्हणून यादी, मरणानंतर कुणी दान केलेल्या किडनीची.

एका जानेवारीत रात्री पावणेतीनला फोन वाजला. काही खाऊपिऊ नका, लगेच निघा. पुण्यात पोचलो, रक्त घेतलं, एका बाकावर बसलो. अशा वेळी एकापेक्षा जास्त रुग्णांना बोलावतात, हे आम्हाला तिथे कळलं. समोर एक तरुण पोरगा आणि त्याची आई बसली होती. क्रॉसमॅच म्हणजे आपलं रक्त देणाऱ्याच्या पेशींशी भांडतं का ते बघतात. त्याला बरेच तास लागतात. दुपारी साडेबाराला सांगितलं, तुमचं जुळलं नाही.

मी त्या बाईकडे बघू शकले नाही. हे उठले, तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘ताई, पोराला पाणी मोजून पाजायची सवय आता मोडावी लागेल.’ ती रडायला लागली. परतीच्या गाडीत यांनी मला जे विचारलं त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणाले, ‘आपण रोज किडनी मागतो. म्हणजे रोज कुणाचा तरी मुलगा मागतो का?’

हा प्रश्न मी पाळकसाहेबांकडे नेला. त्यांनी लगेच काही सांगितलं नाही, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आठवड्याने आले आणि म्हणाले, मरण मागू नका, ते कुणी न मागताही येतं. ज्या घरावर येईल त्या घरासाठी मागा, की त्या रात्री त्यांना एकटं वाटू नये, आणि ‘हो’ म्हणायचं बळ मिळावं. तेव्हापासून आमची प्रार्थना बदलली. रोज रात्री आम्ही एका अनोळखी घरासाठी मागतो. आमचं नाव त्यात शेवटी येतं, कधीकधी राहूनही जातं. दोघांनी नेत्रदानाचे फॉर्म भरले, कारण नुसतं घेणाऱ्याच्या रांगेत उभं राहणं यांना बरं वाटेना.

बॅग दाराशी भरलेली असते: फाइल, आधार कार्डाच्या प्रती, दोन लुंग्या, चार्जर, लहान नवा करार, थोडे सुटे पैसे. दर महिन्याच्या एक तारखेला मी ती उघडून बघते, कारण चार्जर पोरं काढून नेतात.

फोन सायलेंटवर ठेवायचा नाही, हा नियम. रविवारी उपासनेआधी पाळकसाहेब सगळ्यांना फोन बंद करायला सांगतात, मग आमच्या बाकाकडे बघून म्हणतात, ‘तुमचा राहू द्या.’ गेल्या रविवारी ते प्रार्थना करत असताना तो वाजला. सगळी मंडळी वळली. पाळकसाहेब डोळे मिटूनच थांबले. यांनी उचलला, ऐकलं. कर्ज हवंय का विचारत होते. ‘नको,’ म्हणून यांनी फोन ठेवला, मानेनेच नाही म्हटलं, आणि पाळकसाहेबांनी प्रार्थना जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली.