पेन्शनचा हिशेब आयुष्याच्या वर्षांनी कसा मांडावा

पेन्शन न्याय्य आहे का, हे ठरवताना आपण बहुधा महिन्याची रक्कम पाहतो. ती किती वर्षे हाती पडणार, हे पाहायचे राहून जाते. कमी उत्पन्नाची माणसे सरासरीने लवकर जातात. अमेरिकेत 2001 ते 2014 या काळातील नोंदींवरून सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत गरीब एक टक्का पुरुषांच्या अपेक्षित आयुर्मानात 14.6 वर्षांचे अंतर आढळले. स्त्रियांत ते 10.1 वर्षे होते.

समजा, गोव्यातील कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एक जण गोण्या वाहतो आणि दुसरा हिशेब लिहितो. कर्मचारी पेन्शन योजना, 1995 खाली दोघांचाही पेन्शनयोग्य पगार 15,000 रुपये आणि पेन्शनसाठी मोजली जाणारी सेवा 28 वर्षे धरा. पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागले की महिना 6,000 रुपये येतात, म्हणजे वर्षाला 72,000. आता पेन्शन सुरू होते त्या 58 व्या वर्षापासून पुढे मोजा. गोणीवाला 68 व्या वर्षी वारला, तर त्याला एकूण 7,20,000 रुपये मिळतात. हिशेबनीस 83 पर्यंत जगला, तर 18,00,000. महिन्याची रक्कम आणि सेवा सारखी असूनही दुसऱ्याच्या पदरात अडीचपट पडते. मागे राहिलेल्या पत्नीला निम्मी पेन्शन मिळते, तीही या बेरजेत धरावी. त्याने दरी कमी होते, बुजत नाही.

पेन्शन कधी सुरू करावी, याचाही हिशेब असाच मांडावा. नवी वर्गणी न भरता 58 ऐवजी 59 व्या वर्षी पेन्शन घेतली, तर ती चार टक्क्यांनी वाढून 6,240 होते. थांबल्यामुळे 72,000 रुपये सोडावे लागतात आणि महिन्याला 240 रुपये जास्त येतात, म्हणजे सोडलेली रक्कम भरून यायला 300 महिने लागतात. वयाची 84 वर्षे ओलांडली तरच थांबणे फळाला येते. ज्याचे शरीर कष्टाने झिजले आहे आणि ज्याला दुसरा आधार नाही, त्याला थांबण्याचा सल्ला मी देणार नाही.

इथे एक चूक सर्रास होते. भारतात जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान सुमारे 70 वर्षे आहे, म्हणून साठीनंतर दहाच वर्षे उरतात असे धरले जाते; पण त्या आकड्यात बालमृत्यूही मोजलेले असतात. साठी गाठलेला माणूस सरासरीने आणखी सुमारे 18 वर्षे जगतो. हीसुद्धा सरासरीच आहे; घरातील वडीलधारी कोणत्या वयात गेली आणि स्वतःची प्रकृती कशी आहे, हे पाहून ती कमी-जास्त करावी.

पात्रतेचे वय वाढवण्याचा प्रस्ताव कुठेही आला, की हीच रीत वापरावी. अमेरिकेने 1983 च्या कायद्याने पूर्ण पेन्शनचे वय टप्प्याटप्प्याने 65 वरून 67 केले. अशी दोन वर्षे वरच्या गोणीवाल्याच्या दहा वर्षांतून काढली तर पाचवा हिस्सा जातो, हिशेबनिसाच्या पंचविसांतून काढली तर आठच टक्के. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना ज्येष्ठांना साठीपासून आधार देते, आणि तो घेणाऱ्यांत कष्टकरी घरांतील माणसे पुष्कळ आहेत. उद्या त्या साठीला कोणी हात लावू पाहिला, तर ग्रामसभेत आणि आमदारासमोर सरासरी आयुर्मान न मागता उत्पन्नगटांनुसार आयुर्मान मागावे.