डेटा एका बाजूला झुकलेला असेल तर सीपीके कसा काढायचा

शाफ्टचा रनआउट (फिरताना तो किती डगमगतो), सपाटपणा, लीकेज असली मापं शून्याच्या खाली जाऊच शकत नाहीत, त्यामुळे बहुतेक रीडिंग डावीकडे गोळा होतात आणि उजवीकडे लांब शेपूट निघतं. सीपीके म्हणजे माल लिमिटच्या आत किती मोकळेपणाने बसतो ते सांगणारा आकडा, जितका मोठा तितका चांगला. अशा डेटावर त्याचा नेहमीचा फॉर्म्युला लावला की आकडा खोटा येतो, आणि तोही आहे त्यापेक्षा चांगला, खरा धोका तोच. मी गोव्यात वेर्ण्याला क्वालिटीत आहे, सुरुवातीला मीपण 2.28 चा रिपोर्ट कस्टमरला पाठवून मोकळी झाले होते आणि थोड्याच दिवसांत जास्त रनआउटचे शाफ्ट परत आले.

आधी रीडिंग नीट घ्या. शाफ्ट दोन सेंटरमध्ये पकडा, डायल टेकवा, हाताने सावकाश एक फेरा फिरवा, काटा सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली कुठे गेला त्यातला फरक म्हणजे रनआउट. घाईत फिरवलं की काटा थरथरतो आणि भलतंच वाचलं जातं. दर तासाला 5 पीस अशी 125 तरी रीडिंग हवीत, आणि पीस ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लिहायची.

मग कंट्रोल चार्ट (क्रमाने घेतलेल्या रीडिंगचा आलेख) आणि हिस्टोग्राम काढा. हिस्टोग्रामला दोन उंचवटे दिसले तर बहुतेक वेळा दोन मशीनचा माल मिसळलेला असतो, आमच्याकडे नाइट शिफ्टला दुसऱ्या लेथचे पीस त्याच क्रेटमध्ये पडायचे. तो माल आधी वेगळा करा, हे गणिताने सुटत नाही. आणि एखादं मोठं रीडिंग नकोसं वाटतं म्हणून प्लीज खोडू नका.

आता आमचाच हिशोब बघा. लिमिट 50 मायक्रॉन, सरासरी 13, सिग्मा (रीडिंग सरासरीभोवती किती पसरलीत त्याचं माप) 5.4. नेहमीच्या पद्धतीने लिमिट वजा सरासरी म्हणजे 37, भागिले तीन सिग्मा म्हणजे 16.2, उत्तर 2.28. पण सरासरीतून तीन सिग्मा वजा केले तर उणे 3.2 येतं, उणे रनआउट कुठून येणार, इथेच कळायला हवं होतं.

म्हणून एक्सेलमध्ये प्रत्येक रीडिंगचा नॅचरल लॉग घ्या, त्यांचा प्रोबॅबिलिटी प्लॉट काढा, ठिपके सरळ रेषेत आले तर डेटा लॉगनॉर्मल (लॉग घेतल्यावर घंटेसारखा आकार येणारा) धरायला हरकत नाही, नाहीतर वायबुल (दुसरा एक कर्व्ह) किंवा बॉक्स-कॉक्स (डेटाचा झुकाव घालवणारं रूपांतर) करून बघा. आमच्या लॉगचा सिग्मा 0.4 आला आणि मधलं रीडिंग 12. आता सरासरी अधिक तीन सिग्माच्या जागी 99.865 पर्सेंटाइल घ्यायचा, म्हणजे ज्याच्या खाली 99.865 टक्के पीस येतात तो आकडा: 12 गुणिले ई चा 1.2 घात (1.2 म्हणजे 0.4 ची तिप्पट), जवळपास 39.8. हा पर्सेंटाइल 125 रीडिंगमधून नुसता मोजून मिळत नाही, तिथे 740 तला एखादाच पीस पोचतो, म्हणून आधी कर्व्ह बसवावा लागतो. आता 50 वजा 12, भागिले 39.8 वजा 12, उत्तर 1.37.

दुसरी पद्धत म्हणजे सगळा हिशोब लॉगमध्येच करायचा, पण मग लिमिटचाही लॉग घ्यायचा, हे विसरलात तर सगळं वाया. तिथे उत्तर येतं 1.19. डेटा तोच, आणि कस्टमरने 1.33 मागितला असेल तर एका पद्धतीने पास, दुसरीने नापास! म्हणून पद्धत रीडिंग घ्यायच्या आधीच कस्टमरशी ठरवा आणि रिपोर्टवर आकड्याच्या शेजारी लिहा. सिग्मा सगळ्या रीडिंगचा एकत्र घेतलाय, तेव्हा नावही सीपीकेऐवजी पीपीके (सगळ्या रीडिंगच्या एकूण पसाऱ्यावरून काढलेला तसाच आकडा) लिहा, आणि सोबत अंदाजे किती पीस लिमिटबाहेर जातील तेही द्या. आमचे दहा लाखात साधारण 180 निघत होते, आणि 2.28 बघून कोणालाही वाटलं असतं की एकही नाही.