आधी कान, मग पाटी: शब्दाचा पहिला आवाज ओळखायला कसे शिकवावे

‘गणपतीचा ग’ असे घडाघडा म्हणणाऱ्या चार-साडेचार वर्षांच्या मुलाला ‘गाजर’ कोणत्या आवाजाने सुरू होते, असे विचारले, तर ते पुष्कळदा गप्प राहते. कारण तक्त्यावरचे चित्र त्याला पाठ झालेले असते, आवाज मात्र ऐकू आलेला नसतो. म्हणून तक्ता आणि पाटी काही दिवस दूर ठेवावी.

सुरुवात ‘म’पासून करावी. तो उच्चारताना मिटलेले ओठ मुलाला आरशात दिसतात आणि ‘म्ऽऽऽका’ असा तो लांबवताही येतो. क, ट, प हे आवाज असे ताणता येत नाहीत. प्रथम मका, मध, मटकी असे नेमके ‘म’ने सुरू होणारे शब्द घ्यावेत (नाशिकच्या घरात मिसळीसाठी मटकी भिजत पडलेली असतेच), नंतर माठ, माती, मासा घ्यावेत आणि त्यानंतरच बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून आणलेली पिशवी उघडून मुळा, मिरची, मेथी समोर ठेवावी.

मराठीतली खरी अडचण इथे उभी राहते. ‘मुळा’चा पहिला आवाज मूल ‘मु’ असाच सांगते, आणि ते चूक नाही, कारण आपली लिपी स्वर आणि व्यंजन एकत्र बांधून अक्षर करते आणि आपला कानही तसाच घडतो. अशा वेळी ‘नाही, म म्हण’ असे दटावू नये. ‘म्ऽऽ’वर ओठ मिटून थांबावे, मग हळूच ‘उळा’, ‘इरची’, ‘एथी’ असे तोंड उघडावे आणि सगळ्या शब्दांत ओठांनी आधी काय केले, एवढेच विचारावे. हा टप्पा काही आठवडेही घेतो. तेथे घाई केली की पुढे बाराखडी नुसती पाठांतराची होते.

‘म’च्या जोडीला दुसरा आवाज ‘स’ घ्यावा. ‘न’ किंवा ‘ब’ कानाला फार जवळचे वाटतात. दोन टोपल्या मांडून वस्तू त्यांत टाकायला लावाव्यात. मका, मुळा, साबण यांत वेगळा कोण, असे विचारू नये. मूल खाण्याच्या आणि न खाण्याच्या वस्तू वेगळ्या करील आणि आपल्याला वाटेल की त्याला आवाज कळला. मका, मुळा, सीताफळ असे तीन खाद्यपदार्थच घ्यावेत.

‘ग’साठी नाशिककरांची सोय आहे: गोदावरी म्हणा वा गंगा, नदी एकच आणि पहिला आवाजही एकच. द्राक्षांचा मोह मात्र टाळावा, कारण ‘द्रा’ हे जोडाक्षर आहे. ‘च’ उशिरा आणावा. ‘चार’ आणि ‘चाक’ म्हणून पाहिले की त्याचे दोन उच्चार ध्यानात येतात. ‘ण’ आणि ‘ळ’ या खेळात येतच नाहीत, कारण मराठी शब्द त्यांनी सुरू होत नाहीत.

रोज दहा मिनिटे पुरेत. भेंड्यांत आपण शेवटचे अक्षर धरतो. इथे पहिला आवाज धरून प्रत्येकाने नवा शब्द सांगावा. मुलाने, कोणी न सांगता, स्वतःहून ‘मांजर पण म्ऽऽ’ असे म्हटले, की त्या दिवशी पाटीवर ‘म’ काढून दाखवावा.