सॅटिन फिनिशवरचे चट्टे कसे गेले

गिटारच्या बॉडीवर टूके पीयू सॅटिन क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा, मंद चमकीचा पारदर्शक पॉलियुरेथेन लेप) स्प्रेने मारला आणि कुठे चमक, कुठे मंदपणा असे चट्टे उठले. कारण साधं: चमक कमी करणारी मॅटिंग पावडर डब्याच्या तळाशी बसलेली होती.

सगळं 600 च्या वॉटर पेपरने घासलं. तळ खरवडून 5 मिनिटं ढवळलं, मगच डब्यावरच्या प्रमाणात हार्डनर घातला. दोन पातळ हात, मध्ये 20 मिनिटं. स्प्रेचा प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढवायचा, मध्येच थांबायचं नाही. जाड हात असमान वाळतो. कचरा चिकटला तर पॉलिश अजिबात नको, चोळलेली जागाच चमकते. अख्खी बाजू पुन्हा मारा.

नेक (गिटारची दांडी) जिथे बसते ती बॉडीतली खाच टेपने झाका, नाहीतर नेक बसत नाही. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासातून अपाय करणारं रसायन असतं, साधा कापडी मास्क चालणार नाही.