शाळेचा तोंडी नकार कागदावर कसा आणावा : लॉ कॉलेजच्या स्वयंसेवकांसाठी

विधी साहाय्य केंद्रात दिव्यांग मुलाचे पालक आले आणि ‘शाळा ठेवून घ्यायला तयार नाही’ म्हणाले, की विद्यार्थी लगेच लीगल नोटिशीचा नमुना शोधायला लागतात. हा सल्ला त्यांना कोण देतं ठाऊक नाही, पण तो आधी डोक्यातून काढा. अधिवक्ता अधिनियम, 1961 प्रमाणे सनदेशिवाय, म्हणजे वकिलीच्या परवान्याशिवाय, पक्षकाराच्या वतीने उभं राहता येत नाही, म्हणजे नोटीस काढायची तर केंद्राच्या वकिलांनाच काढावी लागेल. शिवाय नोटीस गेली की शाळेतर्फे तिचा वकील बोलायला लागतो, मुख्याध्यापक गप्प होतात, आणि मुलाला मात्र त्याच वर्गात, त्याच बाईंसमोर बसायचं असतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 आणि शिक्षण हक्क अधिनियम, 2009 तुम्ही वाचून आला आहात असं मी धरते. फक्त पहिल्या कायद्यातली दोन कलमं एकमेकांत मिसळू नका. मोफत शिक्षणाचं कलम 31 आहे 6 ते 18 वयाच्या, किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलांसाठी. जवळची शाळा की विशेष शाळा, ही निवडही तिथे मुलाची आहे, शाळेची नाही. भेदभाव न करता प्रवेश आणि गरजेप्रमाणे सोयी सांगणाऱ्या कलम 16 ला मात्र 40 टक्क्यांची अट नाही, आणि ते शासनमान्य खासगी शाळांनाही धरून आहे. ‘आधी सर्टिफिकेट आणा, मग बघू’ हे वाक्य पालक जवळपास दरवेळी ऐकून आलेले असतात. यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा) अर्ज जरूर भरायला लावा, पण त्यासाठी बाकीचं काम थांबवू नका.

पालकांचं ऐकून घेताना तारखा लिहा, वह्या आणि व्हॉट्सअॅपवरचे निरोप पाहा, मूळ कागद ठेवून घेऊ नका.

आता मुख्य काम. शाळा लेखी नकार देत नाही. बाई आईला कार्यालयात बोलावतात, पाणी देतात आणि गोड आवाजात म्हणतात, ‘त्याच्या भल्यासाठीच सांगतोय, दुसरीकडे बघा.’ महिन्याभराने तक्रार केली की शाळेचं उत्तर ठरलेलं : आम्ही असं बोललोच नाही. मला हा टप्पा बराच काळ जमत नव्हता, कारण मी नकार लिहून मागायला सांगत होते. तो कुणी लिहून देत नाही. झालेलं बोलणं पालकांनीच कागदावर आणायचं, आणि गप्प बसणं शाळेला अडचणीचं होईल अशा शब्दांत आणायचं. मजकूर साधारण असा :

‘माझा मुलगा आपल्या शाळेत तिसरीत शिकतो. त्याला ऑटिझम आहे. दि. … रोजी मला कार्यालयात बोलावून, उद्यापासून त्याला पाठवू नका, असे सांगण्यात आले. मी त्याला नेहमीप्रमाणे शाळेत पाठवीत आहे. आपला निर्णय वेगळा असल्यास कारणासह सात दिवसांत लेखी कळवावे. त्याला पहिल्या बाकावर बसवावे, फळ्यावरचे उतरवण्याऐवजी छापील मजकूर द्यावा आणि मधल्या सुट्टीनंतर दहा मिनिटे शांत जागी बसू द्यावे, ही विनंती.’

एवढंच. निकालांचे दाखले नकोत, ‘कायदेशीर कारवाई’ची धमकी नको, कॉलेजचं लेटरहेड तर अजिबात नको. पत्र पालकांच्या अक्षरात, पालकांच्या सहीने जाऊ द्या; शाळा इंग्रजी माध्यमाची असली तरी आईला मराठीत नीट मांडता येत असेल तर मराठीत. ‘योग्य त्या सोयी द्याव्यात’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल. मागणी अशी हवी की ती पाळली की नाही हे वर्गाच्या दारातून दिसावं.

मग पोच. दोन प्रती न्यायच्या, दुसरीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि सही घ्यायची. ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत, ठेवून जा’ म्हटलं तर ठेवून येऊ नये. कारकून घेतच नसेल तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा, शाळेच्या अधिकृत ईमेलवर टाका आणि पावतीसोबत पत्र पोचल्याची नोंद काढून ठेवा. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. तालुक्याच्या ठिकाणी गटशिक्षणाधिकाऱ्यांना.

सगळ्यात मोठा धोका दाखल्याचा. शाळा पालकांना सांगते, ‘काढून टाकलं असा शेरा नको ना? तुम्हीच दाखल्यासाठी अर्ज द्या.’ पालक घाबरून दोन ओळी खरडतात, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण येतं, ‘पालकांच्या विनंतीवरून’. झालं, भेदभावाची तक्रार तिथेच अर्धी मेली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळांना हे पक्कं माहीत असतं, म्हणून तर त्यांना पालकांची सही हवी असते. पहिल्याच भेटीत, अजून नीट ओळखही झालेली नसताना, पालकांना हे बजावा : दाखल्याच्या अर्जावर, कोऱ्या कागदावर, ‘माझ्या जबाबदारीवर’ अशा कुठल्याही ओळीखाली सही करायची नाही. सही झालीच असेल तर कोणत्या दबावाखाली झाली ते लिहून अर्ज मागे घेत असल्याचं पत्र त्याच दिवशी द्या.

पत्र पोचल्यावर शाळा बहुधा बैठकीला बोलावते. सोबत जा, ओळख विद्यार्थी म्हणूनच करून द्या, बोलू पालकांना द्या. तुम्ही मुद्दे लिहा आणि शेवटी वाचून दाखवून सह्या मागा.

काहीच हललं नाही तर दोन वाटा. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 32 खाली स्थानिक प्राधिकरणाकडे (महापालिका, नगरपालिका किंवा जिल्हा परिषद) तक्रार. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हायला हवा, आणि पुढे अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. दुसरी वाट पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांची. साक्षीदारांना बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, पण शेवटी ते शिफारस करतात. हे पालकांना आधीच स्पष्ट सांगा, खोटी आशा लावू नका. वकील लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. बालक आणि दिव्यांग व्यक्ती, दोघांनाही विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 खाली मोफत मदत मिळते. या दोन्ही कारणांना उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेच्या हेल्पलाइनचा फोन 15100.

तुमची परीक्षा आली म्हणून फाइल कपाटात पडू देऊ नका. पहिल्या पानावर पुढची तारीख आणि त्या दिवशी करायचं काम लिहा, खालच्या वर्षाच्या विद्यार्थ्याची आईशी प्रत्यक्ष गाठ घालून द्या आणि त्याचा नंबर तिच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.