इलेक्ट्रोलिसिस करून घेताय? या चुका टाळा

‘एवढे पैसे घातले, वर्षभर सुया सहन केल्या, आणि हनुवटीवरचे केस आहेत तिथेच आहेत,’ ही इलेक्ट्रोलिसिसबद्दलची, म्हणजे विजेच्या प्रवाहाने केस कायमचे काढण्याच्या उपचाराबद्दलची, नेहमीची तक्रार आहे. पद्धत मात्र जुनी आणि पारखलेली आहे. अमेरिकेतील सेंट लुईस येथील नेत्रतज्ज्ञ चार्ल्स मिशेल यांनी १८७५ मध्ये, आत वळून डोळ्याला टोचणारे पापणीचे केस विजेच्या प्रवाहाने कायमचे काढण्याविषयी लिहिले, आणि तेथून ती त्वचाउपचारात आली. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आजही केस ‘कायमचे काढणे’ हा शब्दप्रयोग इलेक्ट्रोलिसिससाठी मान्य करते. लेझरसाठी मात्र ‘कायमस्वरूपी घट’ असे म्हटले जाते. असे असूनही उपचार फसतो, तेव्हा त्याची कारणे बहुधा पहिल्या सिटिंगच्या आधी आणि दोन सिटिंगांच्या मधल्या दिवसांत सापडतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे मधल्या काळात थ्रेडिंग, वॅक्सिंग किंवा चिमट्याने केस उपटणे चालू ठेवणे. इलेक्ट्रोलिसिसमध्ये केसाच्या कडेने एक अतिशय बारीक सुई मुळापर्यंत सरकवतात. गॅल्व्हॅनिक प्रकारात एकदिश प्रवाहामुळे तेथील क्षार आणि पाणी यांपासून सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडा, तयार होतो. थर्मोलिसिसमध्ये उच्च वारंवारतेच्या प्रवाहाची उष्णता वापरली जाते. ब्लेंडमध्ये दोन्ही एकत्र येतात. कोणत्याही प्रकारात नवा केस घडवणाऱ्या पेशी नष्ट करायच्या असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट तो केसच दाखवतो. आदल्या आठवड्यात दोऱ्याने उपटलेल्या केसाच्या जागी सुई कोठे घालायची हे कळत नाही. शिवाय केस वाढ, संक्रमण आणि विश्रांती अशा टप्प्यांतून जातो, आणि पेशी सक्रिय असणाऱ्या वाढीच्या टप्प्यातच उपचार उत्तम लागू पडतो. उपटलेला केस काही आठवड्यांनी पुन्हा वर आला, की तो ‘इलेक्ट्रोलिसिस करूनही उगवलेला’ वाटतो. प्रत्यक्षात त्याच्यावर उपचार झालेलाच नसतो. ओठांवर आणि हनुवटीवर दर पंधरवड्याला दोरा फिरवण्याची सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे, की ती थांबवा हे सांगूनही काही जणी लग्नकार्याच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन येतातच.

केस दिसणे अगदीच नको असेल, तर बारीक कात्रीने कापावेत किंवा रेझर वापरावा. रेझरने केस जाड किंवा दाट होतात ही समजूत खरी नाही. कापलेले टोक बोथट असल्यामुळे तो नुसता तसा हाताला लागतो. सिटिंगच्या दोन-तीन दिवस आधी मात्र कापणेही थांबवावे, कारण पकडण्यापुरता केस वर दिसावा लागतो.

दुसरी चूक तितकीच महागात पडते : केस का आले याचा शोधच न घेणे. हनुवटी, जबड्याची कड, छाती किंवा बेंबीखाली जाड काळे केस येत असतील आणि त्याबरोबर पाळी अनियमित असेल, मुरमे किंवा वजन वाढत असेल, तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा अंतःस्रावतज्ज्ञांकडे जावे. पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा बिघाड, हे याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. डॉक्टर गरजेनुसार टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड, प्रोलॅक्टिन इत्यादी रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी सांगतात. इलेक्ट्रोलिसिसने नष्ट झालेला केस परत येत नाही हे खरे. पण पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण चढेच राहिले, तर शेजारची मऊ लव जाड केसांत रूपांतरित होत राहते आणि काम कधी संपतच नाही. औषधांचा केसांवरील परिणाम दिसायलाही साधारण सहा महिने लागतात, म्हणून दोन्ही उपचार बरोबरीने चालवणे शहाणपणाचे. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला किंवा डोक्यावरचे केस पुरुषांसारखे विरळ होऊ लागले, तर मात्र इलेक्ट्रोलिसिसचा विचार बाजूला ठेवून विनाविलंब तपासणी करावी.

याच संदर्भात एक दुर्लक्षित कारण सांगितले पाहिजे. गोरे होण्यासाठी किंवा डागांसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या अनेक मलमांत बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड असतात, आणि ती दीर्घकाळ लावल्याने त्वचा पातळ होते व चेहऱ्यावर लव वाढते. असे मलम वापरत असाल, तर ते त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे व त्यांच्या सल्ल्यानेच बंद करावे, कारण एकदम थांबवल्यास चेहरा लाल होऊन भडकू शकतो.

लेझर की इलेक्ट्रोलिसिस, हा निर्णयही अनेकदा चुकीच्या निकषावर घेतला जातो. पाय, हात, पाठ अशा मोठ्या भागासाठी एकेक केस टिपत बसणे व्यवहार्य नाही. तेथे लेझर बरे. परंतु लेझर केसातील काळ्या रंगद्रव्यावर काम करते, त्यामुळे पांढऱ्या केसांवर ते निरुपयोगी ठरते आणि सावळ्या त्वचेवर चुकीच्या यंत्राने भाजण्याचा धोका असतो. चेहऱ्यावरील बारीक लवेवर लेझर केल्यानंतर उलट केस वाढल्याची उदाहरणेही वैद्यकीय साहित्यात नोंदली गेली आहेत. हनुवटीवरचे मोजके राठ केस, पिकलेले केस किंवा लेझरनंतर उरलेले केस ही इलेक्ट्रोलिसिसची खरी जागा आहे. लग्न महिन्यावर आले असताना ते सुरू करणे मात्र व्यर्थ आहे : आठवड्याने किंवा पंधरवड्याने सिटिंग घेत एखादा भाग पूर्ण व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागते.

उपचार करणाऱ्या व्यक्तीची निवड दरपत्रक पाहून करू नये. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी, तिचे पाकीट तुमच्यासमोर फोडले जावे व हातमोजे घातलेले असावेत. यात ढिलाई झाल्यास हिपॅटायटिस बी आणि सी तसेच एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका असतो, तेव्हा हे विचारताना भीड बाळगण्याचे कारण नाही. प्रथम लहानशा जागेवर चाचणी करून घ्यावी आणि त्वचा कशी भरून येते ते पाहावे. प्रत्यक्ष उपचारात एक खूण लक्षात ठेवावी : नीट उपचार झालेला केस चिमट्याने धरताच अलगद सुटून येतो. प्रत्येक केस उपटल्यासारखा हिसका बसत असेल, तर प्रवाह कमी पडतो आहे किंवा सुई योग्य खोलीवर जात नाही, म्हणजे तुम्ही महागडे प्लकिंग करून घेत आहात. उलट पांढरे चट्टे, फोड किंवा खड्डे पडत असतील, तर प्रवाह जास्त आहे किंवा एकाच जागी केस फार जवळजवळ काढले जात आहेत. दोन्ही गोष्टी तेथल्या तेथे सांगाव्यात. सुधारणा झाली नाही, तर ठिकाण बदलावे.

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले अन्य विद्युत उपकरण असल्यास हा उपचार करू नये. गर्भारपण, मधुमेह, जाड व्रण उठण्याची प्रवृत्ती, कोड, ओठांवर वारंवार येणारे हर्पीसचे फोड आणि मुरमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या यांची माहिती आधी डॉक्टरांना द्यावी. कोडामध्ये त्वचेला इजा झालेल्या जागी नवा चट्टा उमटू शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तिळावरच्या केसाला त्वचारोगतज्ज्ञांच्या परवानगीशिवाय हात लावू देऊ नये. बधिर करणारे मलम डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच लावावे. मोठ्या भागावर जाड थर देऊन वर प्लास्टिक गुंडाळणे घातक ठरू शकते.

सिटिंगनंतर काही तास लालसरपणा व किंचित सूज राहणे स्वाभाविक आहे. थंड, स्वच्छ कापड ठेवल्याने आराम पडतो. पुढचे एक-दोन दिवस मेकअप, वाफ, ब्लीच आणि पोहणे टाळावे. ‘घरगुती आहे, काय होणार’ म्हणून लावलेले लिंबू किंवा बेसन-हळदीचा लेपही या दिवसांत त्वचेची आग करतो. बारीक खपल्या धरल्या, तर त्या नखाने काढू नयेत. आपल्या त्वचेवर इजेनंतर काळे डाग लवकर पडतात आणि महिनोन्‌महिने टिकतात, त्यामुळे उन्हात जाताना किमान ३० एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. वेदना वाढत गेली, पू आला किंवा सूज पसरू लागली, तर पुढच्या सिटिंगची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.